गेलेलं हमिंग

कोल्हापुरात आवाज करणारी माणसं पोत्यानं सापडतील, पण शांतता तयार करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमच्या हिचे थोरले मामा. हे मी सासुरवाडीचं कौतुक म्हणून सांगत नाही. सासुरवाडीचं कौतुक करण्याचा माझा स्वभाव नाही, हे आमची ही कुणालाही सांगेल. पण शिवाजी पेठेसारख्या ठिकाणी, जिथं आपल्या तालमीच्या संघानं फुटबॉलमध्ये गोल मारला की गल्लीचे कान बसतात आणि शेजारणीकडं चमचाभर साखर मागायची तरी कुस्ती पुकारल्यासारखी हाक जाते, तिथं एका लहानशा खोलीत बसून हा गृहस्थ आयुष्यभर एका आवाजाच्या मागं लागला, तो घालवण्यासाठी. त्या आवाजाला ते हमिंग म्हणतात. गिटारचा अँप्लिफायर नुसता चालू केला, कुणी काही वाजवत नाही, तरी स्पीकरमधून जी बारीक घूं येत राहते, ती. तुम्हाआम्हाला ती जाणवतही नाही. मामांना मात्र ती जेवताना घासात खडा यावा तशी लागते.

मामा आयटीआयमध्ये पोरांना रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवत निवृत्त झाले आणि तेव्हापासून पूर्णवेळ गिटारचे अँप्लिफायर बांधतात, तेही व्हॉल्व्हचे. जुन्या रेडिओत पाठीमागून डोकावलं की काचेच्या बुटक्या बाटल्यांसारखं काहीतरी लालसर पेटलेलं दिसायचं, ते व्हॉल्व्ह. आता सगळं खिशात मावेल एवढ्या डबीत होत असताना हा काचसामानाचा संसार कशाला, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "पावणं, तुमी शाळंत मराठी शिकवतासा न्हवं? मोबाईलमदी सगळी पुस्तकं हायत की. मग पोरांनी तुमच्याकडं कशापायी यायचं?" पोरं हल्ली माझ्याकडंही येत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. नव्या जावयानं काही गोष्टी झाकून ठेवाव्यात.

यातली खरी गंमत अशी की मामांना गिटार वाजवता येत नाही. त्यांच्याकडं एक गिटार आहे, पण तिच्यावर दोनच तारा. बाकीच्या "लागत न्हाईत" म्हणून त्यांनी काढून टाकल्या. त्यातली एक तार ते अंगठ्यानं छेडतात, ट्यँव असा आवाज निघतो, आणि मग मान तिरकी करून तो आवाज विरून गेल्यावर मागं काय उरतं ते ऐकत बसतात. बाकी जग गाणं ऐकतं, मामा गाणं संपल्यावरचं ऐकतात. लग्नाच्या वरातीत लोक डीजेपुढं नाचत असताना हा माणूस स्पीकरच्या भिंतीमागं जाऊन उभा राहतो, आणि दोन गाण्यांच्या मधल्या क्षणात डीजेवाल्याला हटकतो, "आरं, अर्थिंग बघ की तुझं, किती घुमतंय." डीजेवाला त्यांना दारू प्यालेला समजतो. मामांनी आयुष्यात कधी दारू प्यायलेली नाही.

त्यांचा डावा हात कायम खिशात असतो. या अँप्लिफायरमध्ये बटण बंद केल्यावरही करंट दबा धरून बसलेला असतो. दोन्ही हात आत घातले तर तो एका हातातून शिरून काळजातून दुसऱ्या हातानं बाहेर पडतो, म्हणून एक हात खिशात ठेवायचा, ही त्या धंद्यातली जुनी शिस्त. मामांनी ती इतकी अंगी बाणवली की ते एका हातानं बटणं लावतात, एका हातानं वर्तमानपत्र उलटतात, आणि खिसा नसतो म्हणून लुंगी त्यांनी जन्मात नेसली नाही. लग्नातही हार घालण्यापुरताच तो हात बाहेर आला होता आणि फोटो निघायच्या आत परत गेला, असं मामी सांगायच्या. मामी हसतमुख बाई होत्या. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. ही कॉलेजला असताना त्या दोघांकडंच राहत होती, त्यामुळे मामींचा विषय निघाला की ही हातातलं काम टाकून आत जाते.

मामांचे अँप्लिफायर बेळगावचे, पुण्याचे, कुठकुठले गिटारवाले तरुण शोधत येतात. आल्याबरोबर काही ऐकायला मिळत नाही. मामा बटण दाबतात आणि म्हणतात, "तापू द्या." व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागतो हे खरं, पण मामांचे व्हॉल्व्ह चहा होऊन, पोहे होऊन, पाहुण्याचं गाव, शिक्षण आणि लग्नाचं जमलं का हे सगळं विचारून होईपर्यंत तापत नाहीत. आणि अँप्लिफायर एकदा दिला म्हणजे गेला असंही नसतं. थोड्या दिवसांनी मामांचा फोन जातो, "एक बारकासा बदल सुचलाय, घिऊन या की." लेक माहेरी यावी तसे ते डबे परत येतात, चार दिवस राहतात आणि पोट उघडून घेऊन जातात. बेळगावच्या एका पोरानं शेवटी फोन नंबर बदलला, असं कळलं. मामा आजही म्हणतात, "त्येच्यातला एक रेझिस्टन्स बदलायचा ऱ्हायलाय. पोरगं घावंना झालंय." मला आधी याचं हसू यायचं. पुढं लक्षात आलं की बदल हे निमित्त आहे. त्या घरात दुसरं कुणी येत नाही.

मामांची मुलगी जर्मनीत असते. तिचा व्हिडिओ कॉल आला की मामा तब्येत वगैरे विचारतात आणि मग म्हणतात, "फोन जरा तुमच्या फ्रिजजवळ धर बघू." ती बिचारी धरते. मामा डोळे मिटून जर्मनीचा फ्रिज ऐकतात. त्यांनी मला एकदा मोठ्या समाधानानं सांगितलं होतं, "पावणं, तिकडं पन पन्नास सायकलचाच करंट हाय. म्हंजे घूं पन आपल्यागतच. अमेरिकंत साठचा असतोय. बरं झालं, पोरगी अमेरिकंला न्हाय गेली." एवढ्या लांबच्या मुलीला आपल्या जवळ मानण्याचा हा मार्ग मी दुसऱ्या कुणाकडं पाहिलेला नाही, आणि तो ऐकून मला बरंही वाटलं नाही.

तर या मामांचे एक मित्र होते. ऑर्केस्ट्रात आणि भीमजयंतीला गायन पार्टीत गिटार वाजवायचे. मामांनी तरुणपणी बांधलेला पहिलावहिला अँप्लिफायर त्यांच्याकडं होता. पहिलाच असल्यामुळं त्याला हमिंग होतं, आणि चांगलं दणदणीत होतं. मामा आयुष्यभर त्यांच्या मागं लागले होते की तो एकदा आणून दे, दोन दिवसांत गप करतो. मित्र म्हणायचे, "तो हाय तसा बरा हाय." मामांच्या दृष्टीनं त्यांच्या नावावरचा तो एकुलता एक डाग होता, आणि तो कसबा बावड्यात एका घरात रोज संध्याकाळी घुमत होता.

मित्र मागच्या वर्षी गेले. त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी मी मामांकडं बसलो असताना मित्राच्या पत्नी, म्हणजे वैनी, रिक्षातून तो अँप्लिफायर घेऊन आल्या. जयभीम झाला, पाणी झालं. मग म्हणाल्या, "भावजी, परवा हे लावून बघितलं तर फ्यूजच उडाला. वाजवायला कोन न्हाय, मला म्हाईत हाय. पर तेवढं सुरू हूं दे. मला ऐकायचंय." मामांचे डोळे असे चमकले की मला जरा लाजच वाटली. त्यांनी शब्द दिला की वैनी, असा करून देतो की नवीन त्याच्यापुढं झक मारेल.

पुढचे कित्येक दिवस मामा दुसरं काही बोलले नाहीत. जुने कंडेन्सर सगळे काढले, वायरी नव्या, जोड नवे, अर्थिंग नवं. आणि ज्या रविवारी वैनी ऐकायला आल्या त्या दिवशी मलाही मुद्दाम बोलावलं होतं. मामांनी बटण दाबलं, तापू दिलं, चहा झाला. व्हॉल्व्ह लाल पेटले. वैनी हातातला कप खाली ठेवून कान देऊन बसल्या. खोलीत इतकं शांत होतं की भिंतीवरची पाल सरकलेली ऐकू आली असती. बराच वेळ गेला. वैनींनी विचारलं, "चालू हाय का हे?"

"चालू हाय की," मामा म्हणाले. असे फुललेले मामा मी कधी पाहिले नव्हते. "तीच तर कमाल हाय, वैनी."

वैनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग हे तर घरात कोन न्हाय असंच वाटतंय की, भावजी." आणि त्यांनी सांगितलं ते असं. संध्याकाळी कामावरून आले की ते आधी अँप्लिफायरचं बटण दाबायचे, मग हातपाय धुवायचे, मग चहा, मग गिटार. कधी वाजवायचे, कधी कंटाळा करून तसेच पडून राहायचे. पण घूं सुरू असायची. वैनी आत भाकऱ्या करत असायच्या. "गिटारीतलं मला काय कळत न्हाय. पर ती घूं असली की मला ठावं असायचं, मानूस घरात हाय. मी त्येवढंच मागायला आलते तुमच्याकडं."

मामांनी ज्याला डाग समजून पुसून काढलं होतं तो त्या बाईचा नवरा होता. मामांचा उजवा हातसुद्धा खिशात गेला. "देतो," ते म्हणाले. "परत घालून देतो."

म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं लक्ष्मीपुरीत भंगारवाल्याकडं गेलो, कारण काढलेलं जुनं सामान मामांनी तिकडं देऊन टाकलं होतं. भंगारवाल्यानं ढिगाकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "हुडका की पावणं, तुमचंच हाय." त्या ढिगात निम्म्या कोल्हापूरचे पंखे आणि मिक्सर होते. मामा पोत्यावर उकिडवे बसून एका हातानं ढीग उपसत राहिले. काही मिळालं नाही. येताना रिक्षात ते मला म्हणाले, "चांगलं करायला कधी घाबरलो न्हवतो. आता बिघडवायला भ्या वाटतंय."

मग शांततेचा हा कारागीर आवाज तयार करायला बसला. आयटीआयच्या पोरांना जे जे करू नका म्हणून जन्मभर ओरडले, ते ते सगळं ते स्वतः करू लागले. पिळलेल्या वायरी सोडल्या, कंडेन्सर कमी केले, अर्थिंग मुद्दाम चुकीच्या ठिकाणी नेलं. दर रविवारी वैनी येऊन खुर्चीत डोळे मिटून बसायच्या आणि निकाल द्यायच्या. "हे पान्याच्या मोटारीगत वाटतंय." पुढच्या रविवारी, "हे डासागत हाय." मग एका रविवारी त्यांची मान हलली. "हे जवळ आलंय. पर ह्येच्यात ती किनकिन न्हाय." ही किणकिण कुठली, ते मामांना कळेना. घूं म्हणजे घूं, तिच्यात किणकिण यायचं कारण त्यांच्या शास्त्रात नव्हतं. त्यांनी व्हॉल्व्ह बदलले, स्पीकरचा पडदा सैल केला, पेटीचे स्क्रू ढिले केले. वैनी डोळे मिटायच्या, उघडायच्या आणि नाही म्हणायच्या.

पण त्या रविवारांत त्या घराचं काहीतरी झालं होतं. मामींच्या वेळचे कप कपाटातून बाहेर आले. शनिवारी संध्याकाळी मामा खारी आणून ठेवू लागले, टेबलावरच्या वायरींची जळमटं झाडू लागले. वैनी कधी धपाटी आणायच्या, कधी आंबील. दोघं जुन्या जयंत्यांच्या गोष्टी काढायचे, कुणाच्या लग्नात लाईट गेली आणि कुणी बॅटरीवर गाणं काढलं त्यावरून भांडायचे. मी घरी येऊन हिला सांगितलं की मामा हसायला लागलेत. ही म्हणाली, "मग ती किणकिण सापडू नये म्हंजे झालं." मी तिला दटावलं, पण माझ्याही मनात तेच होतं.

शेवटी वैनीच कंटाळल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता भावजी. लई तरास दिला तुमास्नी. हाय तसा घरी ठेवते." मामा कुणाच्या घरी जात नाहीत. मशीन कारागिराकडं येतं, कारागीर मशीनकडं जात नाही, असा त्यांचा बाणा. पण त्या दिवशी ते मुकाट्यानं वैनींच्या आणि माझ्याबरोबर रिक्षात बसले, डबा मांडीवर घेऊन. बावड्यातल्या त्या घरी पुढच्या खोलीत भिंतीला लागून एक लोखंडी ट्रंक होती. वैनींनी तिच्यावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाल्या, "हितं ठेवा. हितंच असायचा त्यो."

मामांनी डबा ठेवला, सवयीनं बटण दाबलं आणि सवयीनं म्हणाले, "तापू द्या." आम्ही तिघं उभेच होतो. हळूहळू घूं आली. आणि मग त्या घूंच्या आत, अगदी बारीक, किणकिण वाजायला लागली. ट्रंकेत वैनींच्या लग्नातली पितळेची भांडी होती, एकात एक घातलेली. डब्याच्या घुमण्यानं ती एकमेकांना लागत होती, आणि ती तशी तिथं वर्षानुवर्षं लागत आली होती. मामा ज्या आवाजासाठी व्हॉल्व्ह आणि वायरी धुंडाळत होते, तो अँप्लिफायरमध्ये कधी नव्हताच. आवाज डब्याबाहेरही ऐकावा लागतो, हे या जन्मभर टेबलापाशी बसून ऐकणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं.

वैनी वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. परातीत पीठ घेतल्याचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा. आमच्याकडं त्यांची पाठ होती आणि त्या एका लयीत थापत होत्या. मामा थोडा वेळ ट्रंकेकडं पाहत राहिले आणि मला डोळ्यांनीच चला म्हणाले. आम्ही चपला घालून निघालो. वैनींना आम्ही गेलेलं कळलंही नसावं, आणि कळलं नाही तेच बरं झालं. घरात आपला माणूस असताना पाहुण्यांना निरोप द्यायला कोण येतं?

पुढच्या रविवारी मी मुद्दाम मामांकडं गेलो. कप बाहेरच होते, खारीही आणलेली होती. मामा खोलीत टेबलासमोर बसले होते, टेबलावर काही पेटलेलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, ट्रंकेचं तुम्ही आधीच विचारलं असतं तर एवढे रविवार गेले नसते." ते म्हणाले, "व्हय की. चुकलंच ते." आणि दोघांनाही त्या चुकीबद्दल फारसं वाईट वाटलं नाही. मग बऱ्याच वेळानं ते मला म्हणाले, "पावणं, वैनीस्नी डोळं मिटून सांगता आलं, त्यांच्या घरात काय वाजत हुतं ते. मी आठ दिस झालं आठवतोय. तुमची मामी हुती तवा ह्या घरात संध्याकाळचं काय वाजायचं, मला काय आठवंना." मी खारीची बशी त्यांच्याकडं सरकवली. ते म्हणाले, "मी ह्या खोलीचं दार लावून बसायचो न्हवं. भायेरचा आवाज नको म्हनून."

मला त्यांच्याकडं बघवेना. मी हिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, आणि विचारलं की तू इथं राहायचीस तेव्हा संध्याकाळी मामी काय करायच्या. ही म्हणाली, "मामी व्हय? मामी सारखी बोलत असायची की. मामांशीच. त्या बंद दारापाशी बसून भाजी निवडायची आन बोलायची."

मामांनी चष्मा काढला. "माझ्याशी? काय बोलायची?"

"काय न्हाय वो मामा, असंच. आज पानी उशिरा आलं. वांगी चांगली घावली. शेजारच्या पोरीला स्थळ आलंय. मधीच म्हनायची, ऐकतासा न्हवं? आन परत आपलं बोलत बसायची."

मामा फोनवर इतके वाकले की त्यांचं कपाळ टेबलाला टेकलं. "आनि?" त्यांनी विचारलं. तिकडून ही सांगत राहिली, कुठल्या कुठल्या भाज्या, कुणाकुणाच्या सुना, मांजरानं सांडलेलं दूध, आणि ती थांबली की मामा परत म्हणायचे, "आनि?" मामांनी केलेला चहा केव्हाच निवला होता. मी उठून नवा ठेवायला आत गेलो आणि तो लवकर होऊ नये म्हणून गॅस बारीक केला.